मुळा-मुठेचे पूरमैदान आणि तिथले वन्यजीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळा-मुठेच्या काठाने आम्ही काही जण हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी लोकांना पक्षी आणि झाडे दाखवत फिरतो. फेरी संपल्यावर चहाच्या टपरीवर आणि पुढे आठवडाभर फोनवर जे प्रश्न येत राहतात, ते इतक्या वर्षांत फारसे बदललेले नाहीत. म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पूरमैदान म्हणजे नक्की काय? नदीपात्र आणि पूरमैदान एकच ना?

एकच नाही, पण पुण्यात हा घोटाळा होणे साहजिक आहे, कारण आपण 'नदीपात्र' हा शब्द फार सैल वापरतो. नदीपात्रातला रस्ता, नदीपात्रातले लॉन, नदीपात्रात उतरलेली सर्कस असे आपण सर्रास म्हणतो. काटेकोरपणे पाहिले तर वर्षातला बहुतेक काळ पाणी ज्यातून वाहते ते पात्र, आणि पावसाळ्यात पात्रात न मावलेले पाणी ज्या सखल जमिनीवर पसरते ते पूरमैदान. पाणी पसरले की त्याचा वेग मंदावतो, सोबत आणलेला गाळ खाली बसतो आणि वर्षानुवर्षे असे थर साचून ही जमीन तयार होते. तिला आपल्याकडे मळई म्हणतात. पाणी ओसरल्यावर त्या ओलीवर घेतलेल्या पिकाला गाळपेर हा शब्द आहे. जुनी गावे उंच दरडीवर वसलेली आणि खालची मळई पिकाला व गुरांना सोडलेली, ही रचना भीमेच्या खोऱ्यात आजही जागोजागी दिसते. त्या लोकांना पूररेषेचा नकाशा कोणी दिलेला नव्हता.

२. पुण्यातल्या नद्या नेमक्या कोणत्या, आणि त्या पुढे कुठे जातात?

मुठा खडकवासल्याहून शहरात येते. तिच्या खोऱ्यात टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला अशी चार धरणे आहेत. मुळा मुळशीकडून येते, बाणेर-औंधच्या बाजूला तिला रामनदी मिळते आणि दापोडीजवळ पवना. मुळा आणि मुठा यांचा संगम शहराच्या मध्यावर होतो आणि तिथून पुढे ती मुळा-मुठा या जोडनावाने बंडगार्डन, येरवडा, मुंढवा, मांजरी अशी पूर्वेकडे जाते. रांजणगाव सांडसजवळ ती भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयातून पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते, आणि शेवटी हे सगळे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. इंद्रायणी मुळा-मुठेला मिळत नाही. ती तुळापूरला थेट भीमेत जाते. हा प्रश्न दर फेरीला कोणीतरी विचारतेच.

३. गंगेकाठी मैलोन्‌मैल सपाट मैदान दिसते. इथे तसे काही नाही. मग याला पूरमैदान का म्हणायचे?

दख्खनच्या नद्या बेसॉल्टच्या कठीण खडकावरून वाहतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांनी स्वतःला खडकात खोल कापून घेतलेले आहे. कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पाणी आणि दगड यांचे हे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्यामुळे इथले पूरमैदान अरुंद असते. कुठे काही शे मीटरांचा पट्टा असतो, तर कुठे नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला साचलेला गाळाचा तुकडा एवढेच. गंगेच्या मैदानाचा एक किलोमीटर गेला तरी बरेच उरते. इथे शंभर मीटर भराव पडला की त्या जागेचे पूरमैदान संपते. 'एवढीशी तर जागा आहे' हे वाक्य आम्हाला भराव टाकणारे आणि ती जागा वाचवू पाहणारे, दोघेही ऐकवतात.

४. येरवड्याचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य खरोखर अभयारण्य आहे का?

नावाने आहे, कायद्याने नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली अभयारण्य जाहीर करण्याची एक ठरलेली प्रक्रिया आहे. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर, ताम्हिणी आणि मयूरेश्वर ही तशी अधिसूचित अभयारण्ये आहेत. येरवडा-कल्याणीनगरच्या नदीकाठावरचा हा तुकडा त्या यादीत नाही. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६-१९८७) यांचे नाव पक्षिप्रेमींच्या आग्रहातून त्याला मिळाले आणि रूढ झाले.

म्हणजे तो बेवारस आहे असे मात्र नाही. नदीच्या पूररेषेचे निर्बंध त्याला लागू आहेत (प्रश्न ५), शहराच्या विकास आराखड्यातील आरक्षणाचा मुद्दा वेगळा आहे, आणि तिथल्या पक्ष्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण ते जिथे असतील तिथे आहेच. मोराला मारणे अभयारण्याबाहेरही गुन्हाच असतो. तरीही पक्ष्याला संरक्षण आणि त्याच्या घराला नाही, ही स्थिती विचित्र आहे. खंड्याला हात लावला तर शिक्षा, पण खंड्या ज्या मातीच्या दरडीत बीळ करतो ती दरड यंत्राने सपाट केली तर वन्यजीव कायद्यात त्यावर सहज उपाय सापडत नाही.

५. निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय? आमचा फ्लॅट दोन्हींच्या मध्ये आहे, काळजी करावी का?

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला भाग निषिद्ध क्षेत्र मानला जातो. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला भाग नियंत्रित असतो, म्हणजे तिथे अटींवर बांधकाम होऊ शकते.

'२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची २४ वर्षे निश्चिंत, असा लावला जातो आणि तिथेच चूक होते. खरा अर्थ असा, की तो पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता ४ टक्के असते. लागोपाठ दोन वर्षेही तो येऊ शकतो. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंतचे पाणी निदान एकदा येण्याची शक्यता या हिशेबाने सुमारे ७० टक्के निघते, आणि लाल रेषेपर्यंतचे पाणी येण्याची सुमारे २६ टक्के. आपला फ्लॅट दोन रेषांच्या मध्ये असेल तर उत्तर या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. तळमजला आणि वाहनतळ यांना हे लागू होते, सातव्या मजल्यावरच्यांना लिफ्ट बंद पडण्यापुरते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या रेषा त्या वेळचे नदीचे छेद, पूल, बंधारे आणि पावसाची आकडेवारी गृहीत धरून काढलेल्या असतात. वरच्या बाजूला भराव पडला, नाले बुजले किंवा पात्र आक्रसले, तर नकाशावरची रेषा जागेवर राहते आणि पाणी मात्र तिला ओलांडते.

६. वर चार धरणे असताना पूर येतोच कसा?

मुठा खोऱ्यातल्या चारही धरणांची मिळून उपयुक्त साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि ती पिण्याच्या पाण्यासाठी व शेतीसाठी आहे. पावसाळा संपताना धरणे भरलेली असावीत हा त्यांचा हेतू. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ती भरत आली की वरून येईल तेवढे पाणी खाली सोडावे लागते, आणि साखळीतले शेवटचे खडकवासला धरण तर फारच लहान, जेमतेम दोन टीएमसीचे. शहरात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण या नद्यांचे उगम ज्या घाटमाथ्यावर आहेत तिथे त्याच्या कित्येक पट पडतो. म्हणून पुण्यात ऊन असतानाही मुठेवरचा सखल भिडे पूल पाण्याखाली जाऊ शकतो.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात घरांत पाणी शिरले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे ३५ हजार क्युसेकला सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी होते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय या उत्तरात मोजत नाही, कारण धरण फुटल्याने आलेला लोंढा आणि नदीचा पूर या वेगळ्या गोष्टी आहेत. पण पाणी कुठवर पसरू शकते हे ज्येष्ठ पुणेकरांना त्या दिवशी कळले आणि पेठांतल्या कित्येक घरांनी त्याच्या खुणा जपल्या, हे खरे.

७. पूर आला की काठावरचे प्राणी मरत नाहीत का?

काही मरतात. मात्र काठावरच्या जीवनाची घडणच पुराशी जुळवून झालेली आहे. महापुरात झाडे जातात आणि लव्हाळे वाचतात, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. त्यामागचे वनस्पतिशास्त्र मात्र पाहण्यासारखे आहे. लव्हाळ्याचे कंद जमिनीखाली घट्ट असतात आणि पाती पाण्याच्या दिशेने आडवी होतात. खडकाळ पात्रात वाढणारी शेरणी ही झुडूपवजा वनस्पती लवचीक फांद्यांनी आणि खडकाच्या फटीत घुसलेल्या मुळांनी आठवडाभर पाण्याखाली राहूनही पुन्हा पालवते. वाळुंजाची मोडलेली फांदी वाहत जाऊन ओल्या गाळात रुतली की तिथेच मूळ धरते, म्हणजे पूर तिची लागवडच करून जातो.

माशांचे तर पुरावाचून अडते. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. मावळात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. बुडालेल्या गवतात आणि उथळ डबक्यांत अनेक जातींची पिल्ले वाढतात, कारण तिथे पाणी कोमट असते, खाणे मुबलक असते आणि मोठे शिकारी मासे नसतात. काठ दगडी भिंतीने बंद झाला की नदीत पाणी तेवढेच राहते, पण माशांचे बाळंतघर जाते.

अपवाद आहे तो अवेळी आलेल्या पाण्याचा. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. नदी सुरय उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूच्या किंवा खडकाच्या बेटांवर घरटी करते. जुलैतला पूर त्यांच्या हिशेबात असतो. एप्रिल-मेमध्ये अचानक सोडलेले पाणी नसते, आणि त्यात अख्खी वसाहत एका रात्रीत वाहून जाऊ शकते.

८. कोणते पक्षी कधी दिसतात?

सप्टेंबरच्या अखेरीस धोबी येतात आणि शेपटी हलवत काठावर फिरू लागले की हंगाम सुरू झाला असे समजावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तुतवार, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक आणि चक्रवाक हे पाहुणे असतात. यातला केशरी-तपकिरी रंगाचा चक्रवाक लडाख, तिबेट आणि मध्य आशियाकडून येतो. रात्री नर-मादीची ताटातूट होते म्हणून तो आक्रंदतो, ही कविकल्पना आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात लोणी काळभोरच्या अलीकडच्या कवडी पाटच्या काठावर जोडपी भरदिवसा एकमेकांवर खेकसताना दिसतात.

वर्षभर राहणाऱ्यांत वंचक, राखी बगळा, पाणकावळे, शेकाट्या, काळा शराटी, पाणकोंबड्या, टिटवी, खंड्या आणि हळदी-कुंकू बदक हे नेहमीचे. चित्रबलाक आणि उघड्या चोचीचा बलाक पाण्याप्रमाणे ये-जा करतात. वारकरी नावाचा काळा पाणपक्षी मोठ्या थव्याने तरंगताना दिसेल. कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे त्याला हे नाव पडले आणि इंग्रजी नावापेक्षा ते शंभर पटींनी चांगले आहे. पावसाळ्यात पाहुणे नसतात, पण काठच्या बाभळींवर सुगरणींची विणकामे चालतात. केवळ हिवाळ्यात येणारे लोक ती पाहायला मुकतात.

९. पाणी इतके घाण असूनही पक्षी इतके कसे? मग प्रदूषण एवढे वाईट नाही असे म्हणायचे का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि तो रास्त आहे.

सांडपाण्यात सेंद्रिय पदार्थ, नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतात. त्यावर जिवाणू आणि शेवाळ वाढते, त्यांना खाऊन डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कीटकांच्या लाल अळ्या वाढतात. या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून जिथे मासा गुदमरेल इतक्या कमी प्राणवायूच्या चिखलातही त्या जगतात. शेकाट्या, तुतवार आणि थापट्या यांच्यासाठी तो चिखल म्हणजे वाढलेले ताट. कवडीच्या जुन्या दगडी बंधाऱ्यामुळे पाणी उथळ पसरते, त्यामुळे पाय बुडवून उभे राहायलाही जागा मिळते. म्हणून तिथे पक्ष्यांची गर्दी आहे आणि त्याच बंधाऱ्याला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तोरणही आहे.

पण गर्दी आणि विविधता या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. चिखलातले किडे खाणारे वाढतात तेव्हा पाण्यात पाहून सूर मारणारे कमी होतात. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी फडफडत तळाकडे नजर लावतो. पाणी काळे असेल तर त्याला मासा दिसणार कसा? स्वच्छ, वाहत्या पाण्यात दगडाखाली राहणाऱ्या कीटकांवर जगणारे जीव तर कधीच निघून गेले आहेत, आणि त्यांची आठवण काढणारेही फारसे उरलेले नाहीत. शिवाय पाण्यातले विषारी घटक किड्यातून पक्ष्यात साठत जातात. पक्षी येतो याचा अर्थ तो सुखरूप आहे असा होत नाही, ज्याप्रमाणे रस्त्याकडेच्या गाडीवर गर्दी आहे म्हणून तिथले तेल चांगलेच असते असे नाही.

याला जोडून येणारा प्रश्न असा असतो, की मग नदी स्वच्छ झाली तर हे पक्षी जातील का? काही जातींची संख्या बहुधा घटेल, आणि ते मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही. त्या बदल्यात मासे खाणाऱ्या आणि पाणवनस्पतींवर अवलंबून असणाऱ्या जाती परत येण्याची शक्यता निर्माण होते. पण त्यासाठी उथळ पाणी, उघडा चिखल आणि उताराचा मातीचा काठ शिल्लक राहिला पाहिजे. पाणी शुद्ध केले आणि काठ काँक्रीटचा केला, तर जुने पक्षी जातील आणि नवे येणार नाहीत.

१०. जलपर्णी काढली पाहिजे की ठेवली पाहिजे?

काढली पाहिजे, पण ती काढून प्रश्न सुटत नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या खतावर पोसते आणि अनुकूल काळात दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. पाण्यावर तिचा गालिचा पसरला की खाली प्रकाश आणि प्राणवायू पोहोचत नाही, आणि मुळांच्या जाळीत डासांना आसरा मिळतो. मे महिन्यात यंत्रे लावून ती उपसतात, काठावर तिचे ढीग घालतात, आणि पहिल्या पावसात ढिगातला काही भाग पुन्हा नदीत जातो. सांडपाणी येत आहे तोवर हे चक्र चालू राहणार. तिच्यावर पाणकोंबड्या आणि कमळपक्षी चालताना दिसतात हे खरे, पण त्यांना कमळ-कुमुदिनीची पाने अधिक मानवतात.

११. मुळा-मुठेत अजून मासे आहेत का?

आहेत, पण मूळचे कमी आणि बाहेरचे जास्त. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १९ व्या शतकात दख्खनच्या माशांची नोंद केली. दख्खनी महसीर ही जात त्याने १८३९ साली शास्त्राला सांगितली, आणि तिचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेला याच मुळा-मुठेत मिळालेला होता. ज्या जातीचा शास्त्रीय जन्मदाखला आपल्या नदीचा आहे, ती आज शहरातल्या पात्रात शोधूनही सापडत नाही. तिला थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात तिची पैदास करून पिल्ले ठिकठिकाणी सोडण्याचे काम अनेक वर्षे झाले आहे. शहरातल्या पात्रात आता मुख्यतः चिलापी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला तिलापिया, आणि डासांसाठी सोडलेले गप्पी तग धरून आहेत. दोघेही कमी प्राणवायूत जगतात. हे मासे खावेत का, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर 'नको' असे आहे.

१२. काठावर साप असतात का? मुलांना आणावे की नाही?

असतात, आणि मुलांना जरूर आणावे. पाण्यात पोहताना दिसणारा साप बहुतेक वेळा दिवड किंवा विरोळा असतो. तो बिनविषारी असतो, पण डिवचल्यास चावतो. गवतात नाग आणि घोणस असू शकतात. घोणस जागची हलत नाही आणि सुकल्या पाचोळ्यात दिसत नाही, म्हणून पायवाट सोडू नये, हात दगडाखाली घालू नये आणि घोट्यापर्यंतचे बूट घालावेत. कोणताही साप दिसला तर पाच-सहा पावले मागे सरून त्याला जाऊ द्यावे. सापापेक्षा पाण्याचीच भीती अधिक बाळगावी. जखम उघडी असताना या पाण्यात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो.

१३. आमच्या सोसायटीला नदीकाठी शंभर झाडे लावायची आहेत. जागा सुचवा.

हा प्रश्न आला की आम्ही थोडे अवघडतो, कारण विचारणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो आणि उत्तर 'कृपया लावू नका' असे असते.

पूरमैदान हे जंगल नव्हे. त्यात उघडा चिखल, गवताळ पट्टा, झुडपे आणि मागे उंचावर झाडे अशी पायरीपायरीची रचना असते, आणि प्रत्येक पायरीवर वेगळे जीव राहतात. टिटवीला उघडी जमीन लागते, मुनियांना गवताचे बी लागते, वटवट्याला झुडूप लागते. लोकांना यातली फक्त शेवटची पायरी 'निसर्ग' वाटते आणि उरलेल्या तिन्ही 'मोकळ्या'. मग मोकळ्या जागेत ओळीने खड्डे घेतले जातात, गुलमोहर आणि रेनट्री लावले जातात, त्यांना आधाराच्या काठ्या आणि प्रायोजकाची पाटी लागते. पहिल्या मोठ्या पुरात काठ्या वाहून जातात. पाटी अनेकदा राहते.

तरीही लावायचीच असतील तर वरच्या पायरीवर, म्हणजे जिथे दरवर्षी पाणी येत नाही तिथे, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन ही देशी झाडे विरळ लावावीत. पाण्यालगत वाळुंज आपले आपण येते, त्याला येऊ द्यावे. सुबाभूळ आणि घाणेरी काढणे हे लावण्यापेक्षा मोठे काम आहे, आणि त्यासाठी शंभर माणसे मिळत नाहीत. महापालिकेची परवानगी दोन्हींना लागते.

१४. नदीकाठ सुधार योजनेबद्दल तुमचे मत काय?

आधी दोन योजनांची गल्लत टाळू. जपानच्या 'जायका' या संस्थेच्या कर्जातून होणारी योजना सांडपाणी शुद्ध करण्यासाठी आहे आणि तीत ११ नवी शुद्धीकरण केंद्रे आहेत. मुळा, मुठा आणि मुळा-मुठेचा मिळून सुमारे ४४ किलोमीटर काठ 'विकसित' करण्याची महापालिकेची योजना वेगळी आहे. पहिलीला विरोध करणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. दुसरीवर नागरिक संघटना, न्यायालये आणि हरित न्यायाधिकरण यांच्यापुढे बरीच वर्षे वाद चालले आहेत.

आमचे मत जलशास्त्राच्या साध्या नियमावर आधारलेले आहे. तेवढेच पाणी अरुंद पात्रातून न्यायचे तर त्याची उंची वाढते किंवा वेग वाढतो, बहुधा दोन्ही. काठाला भराव आणि पिचिंग (दगडी अस्तर) केले की पूर नाहीसा होत नाही, पलीकडच्या काठावर किंवा खालच्या गावात जातो. लोकांना नदीकाठी बसायला जागा हवी ही मागणी योग्यच आहे. त्यासाठी पायवाट आणि चार बाक पुरतात, आणि पुरात ती पायवाट बुडाली तर आठवडाभर ती नदीची.

१५. रात्री राडारोडा टाकणारे ट्रक दिसतात. काय करावे?

एकट्याने जाऊन अडवू नये. आमच्यातल्या एकाने तसे केले आणि त्याला त्या रात्री धक्काबुक्की सोसावी लागली. सुरक्षित अंतरावरून वाहनाचा क्रमांक, वेळ आणि जागा टिपावी, दुसऱ्या दिवशी उजेडात ढिगाची छायाचित्रे शेजारची एखादी ओळखीची खूण चौकटीत येईल अशी घ्यावीत, आणि महापालिकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपावा. जागा निळ्या रेषेच्या आत असेल (प्रश्न ५) तर तक्रारीची प्रत जलसंपदा विभागाला द्यावी. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच कोनातून एक छायाचित्र काढून ठेवण्याची सवय सर्वात उपयोगी ठरते, कारण भराव एका रात्रीत दिसत नाही, वर्षभरात दिसतो.

१६. घरचे कासव नदीत सोडले तर चालेल का? पक्ष्यांना शेव-गाठिया घातली तर?

दोन्ही नको. दुकानातून आणलेले, कानामागे लाल पट्टा असलेले कासव उत्तर अमेरिकेचे असते. ते वाढले की टाकीत मावत नाही आणि मग पुण्य म्हणून नदीत सोडले जाते. ते देशी कासवांच्या खाण्यावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर हक्क सांगते. ते देशी नसल्याने प्राणी पुनर्वसन केंद्राकडे विचारावे. घरात देशी कासव असेल तर ते पाळणेच बेकायदा आहे, वन विभागाला कळवावे. तळलेल्या खाद्याने पक्ष्यांचे पोट बिघडते आणि ते माणसांच्या बोटींमागे लागतात. निर्माल्य कुठे टाकावे असेही याच ओघात विचारतात. त्यासाठी घाटांवर कलश ठेवलेले असतात.

१७. जखमी पक्षी सापडला तर?

अंगावर कापड टाकून हळूच उचलावा, हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावा आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. पाणी चोचीत ओतू नये, दूध तर मुळीच नको. बगळा किंवा शराटी असेल तर चोच डोळ्यांपासून लांब धरावी, कारण घाबरलेला बगळा थेट डोळ्यावर मारतो. मांजा अडकलेला असेल तर तो ओढू नये, दोन्ही बाजूंनी कापावा. अपवाद पिल्लांचा आहे. पिसे आलेले, उड्या मारणारे पिल्लू बहुधा पडलेले नसते, उडायला शिकत असते, आणि त्याचे आईबाप जवळच्या फांदीवरून आपल्याला शिव्या देत असतात. त्याला मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा झुडपावर ठेवून आपण निघून जावे.

१८. ड्रोनने चित्रीकरण केले तर चालेल का? मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावले तर?

येरवडा-कल्याणीनगरचा काठ लोहगाव विमानतळाच्या आणि हवाई दलाच्या तळाच्या जवळ आहे, त्यामुळे तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवणे कायद्यानेच निषिद्ध आहे. परवानगी मिळाली तरी घरट्यांच्या काळात ते करू नये, कारण पक्ष्याच्या लेखी ड्रोन म्हणजे शिकरा. आवाज वाजवून नर पक्ष्याला बोलावले की तो आपल्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी शोधत फिरतो आणि तेवढा वेळ घरटे उघडे पडते.

१९. फ्लेमिंगो भिगवणलाच का, पुण्यात का नाहीत?

फ्लेमिंगोला, म्हणजे रोहित पक्ष्याला, विस्तीर्ण, उथळ आणि चारी बाजूंनी उघडे पाणी लागते, जेणेकरून धोका लांबून दिसावा. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याने भिगवण-कुंभारगावकडे तसे पाणी पसरले. जलाशय ओसरू लागला की कडेचा चिखल उघडा पडतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये ते जवळून दिसण्याची शक्यता अधिक असते. मुळा-मुठेचे पाणीही अखेर तिथेच पोहोचते (प्रश्न २), म्हणून भिगवणला जाऊन निसर्ग पाहणाऱ्या पुणेकराने आपल्याच स्नानगृहातून निघालेले पाणी पुन्हा पाहिलेले असते. जवळच भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वीण होते, तीही पाहावी.

२०. पहिल्यांदा यायचे तर कुठे आणि किती वाजता?

सूर्योदयापूर्वी पंधरा मिनिटे. कल्याणीनगरच्या बाजूने सलीम अली परिसरात, किंवा हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे कवडी पाटला. पाऊस पडून गेला असेल तर कवडीचा कच्चा रस्ता चिखलाचा होतो, गाडी वरच ठेवावी. दुर्बीण ८ बाय ४० ची पुरते. कुत्र्याला घरी ठेवावे, कारण साखळीत असला तरी चक्रवाकांना ते कळत नाही. नऊ वाजेपर्यंत ऊन डोळ्यांवर येते आणि पक्षी विसाव्याला सरकतात. त्यानंतर टपरी उघडी असते.